गरोदरपणातली कंबरदुखी आणि ओटीपोटाच्या हाडांचं दुखणं: आधी दुखणं ओळखा, मग उपाय करा

"अगं, पोटुशी बाईची कंबर दुखायचीच!" हे तुम्ही घरी ऐकाल, लोकलच्या लेडीज डब्यात ऐकाल आणि कधी कधी दवाखान्यातही ऐकाल. त्यात तथ्य आहे. निम्म्याहून अधिक गरोदर बायकांना कधी ना कधी कंबरदुखीचा त्रास होतो. पण एकदा 'दुखायचीच' म्हटलं की नेमकं कुठे दुखतंय, हा प्रश्न कुणी विचारतच नाही. खरी अडचण तिथे आहे. कारण कंबरदुखी या एका नावाखाली दोन वेगळी दुखणी येतात आणि एकावरचा उपाय दुसऱ्याला नडू शकतो.

मला पहिल्या खेपेला साधी कंबरदुखी होती. दुसऱ्या खेपेला ओटीपोटाच्या हाडांचं दुखणं लागलं. सल्ले दोन्ही वेळा तेच मिळाले: भरपूर चाल, मांडी घालून बस, लादी पूस. पहिल्या वेळी चालण्याने बरं वाटायचं. दुसऱ्या वेळी लांब चालून आलं की रात्री कूस बदलताना डोळ्यांत पाणी यायचं. फिजिओथेरपिस्टने समजावल्यावर यातला फरक कळला. तोच इथे क्रमाने मांडते आहे.

१. सगळ्यात आधी: या दुखण्यांसाठी घरी थांबू नका

पुढचं सगळं वाचण्यापूर्वी हे तपासा. यांतलं काहीही असेल तर शेक, तेल, विश्रांती यांत वेळ घालवू नका, थेट दवाखाना गाठा.

- ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी कंबरेत ठरावीक वेळाने येणारी-जाणारी कळ, सोबत पोट कडक होणं
- अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं
- ताप, लघवीला जळजळ, बरगडीखाली पाठीत एका बाजूला ठणका (मूत्रपिंडापर्यंत गेलेला संसर्ग असू शकतो)
- पायातली ताकद जाणं, मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि बसण्याच्या जागी बधिरपणा, लघवी अडकणं किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटणं
- एकाच पायाची पोटरी सुजणं, लाल होणं, दुखणं
- पडल्यानंतर किंवा गाडीचा धक्का बसल्यानंतर सुरू झालेलं दुखणं
- बाळाची हालचाल कमी वाटणं

महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८, आणि गरोदर माता व बाळांच्या सरकारी वाहनासाठी १०२ हे क्रमांक आहेत. दोन्ही घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये असू द्या. अडचणीच्या वेळी फोन तुमच्याच हातात असेल असं नाही.

२. बोट ठेवून दाखवा: नेमकं कुठे दुखतंय?

आरशाकडे पाठ करून उभ्या राहा. परकराची नाडी किंवा सलवारीचं इलॅस्टिक जिथे येतं, ती रेघ धरा. तिच्या खाली पाठीवर दोन्ही बाजूंना दोन खळ्या असतात. बोट कुठे जातंय ते बघा.

बोट नाडीच्या रेघेवर किंवा तिच्या वर, मणक्याच्या आजूबाजूच्या मांसल भागावर जात असेल, तर ती बहुधा साधी कंबरदुखी. ही पुढे वाकलं की, फार वेळ एकाच जागी बसलं किंवा उभं राहिलं की वाढते. जरा हिंडल्यावर मोकळं वाटतं. गरोदरपणाच्या आधीही कधीतरी असंच दुखलेलं असतं, त्यामुळे ते ओळखीचं वाटतं.

बोट त्या खळ्यांवर, कुल्ल्यात खोलवर, किंवा पुढे ओटीपोटाखाली मधोमध असलेल्या हाडावर जात असेल, तर ते ओटीपोटाच्या हाडांच्या सांध्यांचं दुखणं. साधारण पाचातल्या एकीला हे होतं. याच्या खुणा वेगळ्या आहेत:

- अंथरुणात कूस बदलताना कळ येते
- जिना चढताना, एका पायावर उभं राहून सलवार घालताना, रिक्षातून एक पाय खाली टाकताना चमक निघते
- पाय फाकवले की जांघेत दुखतं
- पुढच्या हाडात कधी कधी 'कट्' असा आवाज येतो
- काम करताना फार काही जाणवत नाही, पण संध्याकाळी किंवा रात्री त्याची किंमत मोजावी लागते

शेवटची खूण लक्षात ठेवा. सकाळी बरं वाटलं म्हणून कपाट आवरायला काढलं आणि रात्री पाय उचलेना, हे याच दुखण्यात होतं.

एक सोपी चाचणीही आहे. क्षणभर उताणं झोपून गुडघा न वाकवता एक पाय वीतभर उचलून बघा, मग दुसरा. पाय जड वाटला किंवा कळ आली, आणि कुणीतरी दोन्ही बाजूंनी खुबे हातांनी दाबून धरल्यावर तोच पाय सहज उचलला गेला, तर दुखणं सांध्यांचं असण्याची शक्यता बरीच आहे. पोट मोठं झाल्यावर उताणं फार वेळ राहू नका. चाचणी झाली की कुशीवर वळा.

काहींना दोन्ही दुखणी एकदम असतात. तसं असेल तर सांध्यांच्या दुखण्याचे नियम पाळा, ते जास्त कडक आहेत.

आणि सायटिका? कुल्ल्यातून कळ निघाली की लगेच कुणीतरी 'सायटिका झालाय' म्हणून मोकळं होतं. नस दबली असेल तर कळ बहुधा गुडघ्याच्या खाली, पावलापर्यंत जाते आणि मुंग्या येतात. गरोदरपणात हे तसं कमी जणींना होतं.

३. हे होतं कशामुळे

सरासरी वजनाच्या बाईचं नऊ महिन्यांत साधारण १० ते १२ किलो वजन वाढतं आणि त्यातलं बरंचसं पुढच्या बाजूला. तोल सावरायला आपण नकळत मागे झुकतो, कंबरेचा बाक वाढतो. पोटाचे स्नायू ताणले गेल्यामुळे पुढून मिळणारा आधार कमी होतो आणि पाठीच्या स्नायूंना दुप्पट राबावं लागतं.

ओटीपोटाची हाडं मिळून एक कडं तयार होतं. त्याला मागे दोन सांधे आणि पुढे एक जोड. पुढच्या जोडातली फट एरवी ४ ते ५ मिलिमीटर असते, गरोदरपणात ती आणखी २ ते ३ मिलिमीटरनी वाढते. बाळंतपणासाठी ते हवंच असतं. पण एका बाजूचा सांधा दुसऱ्यापेक्षा जास्त हलू लागला की दुखतं. रिलॅक्सिन नावाच्या हार्मोनला याचा सगळा दोष दिलेला तुम्ही जागोजागी वाचाल. रक्तातल्या त्याच्या प्रमाणाचा आणि दुखण्याच्या तीव्रतेचा संबंध मात्र अभ्यासांतून नीटसा सिद्ध झालेला नाही. त्यामुळे 'हार्मोन आहे, आपण काय करणार' असं म्हणून बसून राहायचं कारण नाही.

आधी कंबरदुखी असलेल्या, आधीच्या खेपेला हाच त्रास झालेल्या, कंबरेला जुना मार लागलेल्या आणि अंगमेहनतीचं काम करणाऱ्या बायकांना धोका जास्त. तुम्ही यांत बसत असाल तर दुखायची वाट न बघता खालचे बदल चौथ्या महिन्यापासूनच सुरू करा.

या दुखण्याने बाळाला इजा होत नाही.

४. डॉक्टरांकडे जाताना काय न्यायचं, काय सांगायचं

फाइलमध्ये एवढं हवं: माता-बाल संरक्षण कार्ड, सगळे सोनोग्राफी रिपोर्ट, रक्त-लघवीचे ताजे रिपोर्ट, चालू गोळ्यांची पानं (नावं आठवत बसण्यापेक्षा पाकिटंच न्या), जुन्या पाठदुखीचे किंवा अपघाताचे कागद असतील तर ते, आणि सरकारी दवाखान्यात आधार कार्ड.

खासगी डॉक्टर परवडत नसेल किंवा जवळ नसेल तर दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली सरकारी आरोग्य केंद्रांत चौथ्या महिन्यापासून पुढच्या गरोदर मातांची मोफत तपासणी होते. त्या दिवशी सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी. आशाताईंना विचारलं तर त्या जवळचं केंद्र सांगतात.

ओपीडीत तुमच्या वाट्याला चार-पाच मिनिटं येतात. 'कंबर दुखते' म्हणालात तर कॅल्शियमची गोळी लिहून मिळेल. त्याऐवजी असं सांगा: "डाव्या बाजूला, खळीच्या खाली दुखतं. कूस बदलताना आणि जिना चढताना कळ येते. पायात मुंग्या नाहीत. रात्री दोन-तीनदा जाग येते." आणि स्पष्ट विचारा, "मला फिजिओथेरपिस्टकडे पाठवाल का?" विचारल्याशिवाय चिठ्ठी मिळेलच असं नाही. मुंबईत केईएम, सायन आणि नायर या पालिकेच्या रुग्णालयांत फिजिओथेरपी विभाग आहेत. खासगीत जायचं तर गरोदर बायकांवर उपचार करण्याचा अनुभव आहे का, हे फोनवरच विचारून घ्या.

एक्स-रे लागत नाही. हे निदान हाताने तपासूनच होतं. नस दबल्याची शंका असेल तरच डॉक्टर एमआरआयचा विचार करतात.

५. दिवसभराच्या हालचाली बदला

सगळ्यात जास्त आराम इथेच मिळतो, आणि याला पैसे पडत नाहीत. सांध्यांचं दुखणं असेल तर एकच सूत्र: दोन्ही पाय बरोबरीने. एका पायावर भार नको, दोन पायांत फार अंतर नको.

*झोपणं आणि उठणं.* कुशीवर झोपा, शेवटच्या तीन महिन्यांत तर नक्कीच. दोन गुडघ्यांमध्ये उशी घ्या, पण ती घोट्यांपर्यंत पोचली पाहिजे. फक्त गुडघ्यात उशी आणि पाऊल खाली लोंबतंय, याचा उपयोग नाही. महागडी प्रेग्नन्सी पिलो घ्यायची गरज नाही, जुनी गोधडी गुंडाळून नाडीने बांधली तरी चालते. कूस बदलताना गुडघे वाकवून एकमेकांना चिकटवा, ओटीपोटाचे स्नायू हलकेच आवळा आणि खांदे-कंबर-गुडघे एकदम वळवा. गुळगुळीत कापडाचा गाऊन किंवा परकर असेल तर अंग सरकायला सोपं जातं. उठताना आधी कुशीवर, मग दोन्ही पाय पलंगाखाली आणि हातांनी रेटून बसा.

*कपडे.* सलवार, लेगिंग, चपला सगळं बसून घाला. परकर डोक्यावरून.

*खाली बसणं.* आपलं निम्मं आयुष्य जमिनीवर जातं. पोळ्या लाटणं, भाजी निवडणं, पूजा, पंगत. साधी कंबरदुखी असेल तर भिंतीला पाठ टेकून थोडा वेळ बसायला हरकत नाही. सांध्यांचं दुखणं असेल तर मांडी आणि उकिडवं, दोन्ही बंद. खुर्चीत बसून पूजा केलेली देवाला चालते. शौचालय भारतीय पद्धतीचं असेल तर सर्जिकल वस्तूंच्या दुकानात कमोडची खुर्ची मिळते. डोहाळजेवणात झोपाळ्यावर बसवतील तेव्हा पायाखाली पाट मागून घ्या आणि अधूनमधून उठा. ओटी भरायला येणाऱ्या प्रत्येकीला वाकून नमस्कार करायची गरज नाही, बसूनच हात जोडा.

*ओट्याशी उभं राहणं.* आलटून पालटून एक पाय पाटावर ठेवून काम करा, असा सल्ला सगळीकडे वाचाल. साध्या कंबरदुखीला तो चांगला लागू पडतो. सांध्यांच्या दुखण्याला नाही, कारण भार एका बाजूला जातो. सांध्यांचं दुखणं असणाऱ्यांनी उंच स्टूल घेऊन बसून काम करावं.

*उचलणं.* भरलेल्या बादलीऐवजी दोन अर्ध्या. त्याही दुसऱ्या कुणी उचलल्या तर उत्तम. मोठं मूल असेल तर त्याला कडेवर घेतल्याने सांध्यांचं दुखणं वाढू शकतं. तुम्ही बसा, त्याला तुमच्याकडे चढून येऊ द्या. पहिले दोन दिवस रडारड होते, मग त्यालाच ते आवडायला लागतं.

*लादी पुसणं.* 'लादी पुसली की बाळंतपण सोपं होतं' हे ऐकाल. बिनदुखण्याच्या बाईने हौसेने पुसली तर पुसू द्या. दुखत असताना उकिडवं सरकत लादी पुसू नका. लांब दांड्याचा मॉप घरात आणा आणि तो नवऱ्याच्या हातात द्या. सासूबाईंना पटत नसेल तर पुढच्या तपासणीला त्यांना सोबत न्या. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं आपल्यापेक्षा लवकर पटतं.

*जिना आणि प्रवास.* चढताना कमी दुखणारा पाय आधी, उतरताना जास्त दुखणारा आधी, हात कठड्याला. लिफ्ट नसलेल्या इमारतीत राहत असाल तर दिवसाची कामं एका फेरीत बसवा. रिक्षात किंवा कारमध्ये आधी सीटवर टेका, मग दोन्ही पाय एकत्र आत घ्या. सीटवर प्लॅस्टिकची पिशवी अंथरली तर सहज फिरता येतं. सीटबेल्टचा खालचा पट्टा पोटाखालून, मांड्यांच्या वर. दुचाकीवर एका बाजूला पाय सोडून बसलं की कंबर पिळते, दोन्ही बाजूंना टाकले की सांधा ताणतो. त्यात आपल्याकडचे खड्डे. सांध्यांचं दुखणं असेल तर दुचाकी सोडाच.

*नोकरी.* बैठ्या कामात अर्ध्या-पाऊण तासाने उठा. शिक्षिका, परिचारिका, दुकानात उभ्या राहणाऱ्या बायकांनी डॉक्टरांकडून लेखी चिठ्ठी घ्यावी. दिवस भरत आल्यावर गरोदर बाईने मागणी केली, तर तिला कष्टाचं किंवा फार वेळ उभं राहायचं काम देता येत नाही, अशी तरतूद मातृत्व लाभाच्या कायद्यात आहे. मागणी तोंडी करू नका, ईमेल किंवा अर्ज करा.

६. व्यायाम: कोणते आणि कोणते नाहीत

वार (प्लासेंटा) खाली असेल, गर्भाशयाच्या तोंडाला टाका घातला असेल, रक्तस्राव झाला असेल किंवा बीपी वाढलेलं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. बाकीच्यांनी हे रोज करावं:

- भिंतीला पाठ: भिंतीला टेकून उभं राहा, पावलं जरा पुढे, गुडघे किंचित वाकलेले. कंबरेची पोकळी भिंतीला दाबा, पाच आकडे मोजा, सोडा. दहा वेळा.
- मार्जारासन, अर्धंच: हात-गुडघ्यांवर येऊन पाठ वर गोल करा आणि परत सपाट करा. पोट खाली झोकू नका.
- कीगल: लघवी आणि वायू एकदम रोखल्यासारखे स्नायू आवळा, जमेल तसं दहा आकड्यांपर्यंत धरा. श्वास रोखू नका. प्रत्यक्ष लघवी करताना मध्येच थांबवून याचा सराव करू नका.
- चालणं: साधी कंबरदुखी असेल तर आठवड्याला एकूण १५० मिनिटांपर्यंत. सांध्यांचं दुखणं असेल तर छोटी पावलं, सपाट रस्ता आणि दुखायच्या आत परत फिरणं.

आता सापळा. 'नॉर्मल डिलिव्हरीसाठी योगासनं' म्हणून जे व्हिडिओ व्हॉट्सॲपवर फिरतात त्यांत बद्धकोणासन, मलासन, वृक्षासन हमखास असतं. पहिल्या दोन्हींत पाय फाकतात, तिसऱ्यात एका पायावर भार येतो. पुढच्या हाडात दुखत असताना ही आसनं करू नका. वर्गात 'थोडं दुखलं तरी चालतं' म्हणाले तर वर्ग बदला.

७. पट्टा, शेक, तेल, गोळ्या

पट्टा घ्यायचा तर दुकानदाराला 'कंबरेचा पट्टा द्या' म्हणू नका. तो धातूच्या पट्ट्या असलेला, मणक्याच्या रुग्णांचा पट्टा काढून देईल आणि तो पोट आवळतो. सांध्यांच्या दुखण्याचा पट्टा अरुंद असतो आणि पोटाच्या खाली, खुब्यांवरून बसतो. लावून चालून बघा. चालणं लगेच सोपं झालं तर पट्टा योग्य. कामाच्या वेळी लावा, झोपताना काढा.

गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, फक्त पाठीवर. पोटावर नाही.

कुशीवर झोपून हलक्या हाताने तेल लावून घ्यायला हरकत नाही. पण उसण भरली म्हणून पायाळू माणसाकडून पाठीला पाय लावून घेणं, लहान मुलाला पाठीवर उभं करणं, हाड 'बसवून' घेणं, यातलं काहीही नको. पोट साफ व्हायला एरंडेलही पिऊ नका, त्याने कळा सुरू होऊ शकतात. लोहाच्या गोळ्यांनी मलावरोध होतो आणि कुंथण्याने कंबर आणखी धरते, हे खरं. त्यासाठी पाणी, भाज्या, फळं वाढवा आणि डॉक्टरांकडून औषध घ्या.

गोळ्यांबाबत नीट वाचा. घरात पडलेली वेदनाशामक गोळी मनाने घेऊ नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक ही औषधं विशेषतः २० आठवड्यांनंतर बाळाच्या मूत्रपिंडावर आणि गर्भजलावर परिणाम करू शकतात. कॉम्बिफ्लॅममध्ये आयबुप्रोफेन असतं. दुखऱ्या भागावर लावायच्या जेल आणि स्प्रेमध्ये बऱ्याचदा डायक्लोफेनॅक असतं, तेही विचारूनच. गरज पडली तर डॉक्टर सहसा पॅरासिटामॉल देतात, तेही त्यांनी सांगितलेल्या मात्रेतच. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या चालू ठेवा, फक्त दोन्ही एकत्र घेऊ नका. कॅल्शियमने सांध्यांचं हे दुखणं जात नाही, ती गोळी वेगळ्या कारणासाठी आहे.

८. प्रसूतीच्या आधी आणि नंतर

सांध्यांचं दुखणं आहे म्हणून सिझेरियन करावंच लागतं, असं नाही. पण प्रसूतिकक्षातल्या लोकांना ते माहीत असायला हवं. आठव्या महिन्यात खुर्चीत बसून, न दुखता दोन गुडघ्यांत किती अंतर ठेवता येतं ते मोजपट्टीने मोजा आणि आकडा फाइलच्या पहिल्या पानावर लिहा. पाय आधारांवर ठेवायचे झाले तर दोन्ही एकाच वेळी उचला आणि खाली घ्या, हेही लिहून ठेवा. कुशीवर झोपून प्रसूती करता येईल का, हे डॉक्टरांना आधीच विचारा. कळा सुरू झाल्यावर या चर्चेला कुणालाच वेळ नसतो.

बहुतेकींचं दुखणं बाळंतपणानंतर काही आठवड्यांत ते महिन्यांत ओसरतं. तोवर दूध पाजताना पाठीला टेका आणि मांडीवर उशी घ्या, बाळाला उशीवर उचला, स्वतः बाळाकडे वाकू नका. साडीने पोट करकचून बांधल्याने सांधे जुळत नाहीत, उलट खालच्या स्नायूंवर दाब येतो. तीन महिन्यांनीही एका पायावर उभं राहता येत नसेल तर परत फिजिओथेरपिस्टकडे जा.

आणि कुणी म्हणालं की 'पाठीतल्या इंजेक्शनमुळे कंबर गेली', तर घाबरू नका. सुई टोचलेली जागा काही दिवस दुखते, पण वर्षानुवर्षांच्या कंबरदुखीशी एपिड्युरलचा (म्हणजे कळांचं दुखणं कमी करायला पाठीत देतात त्या इंजेक्शनचा) संबंध अभ्यासांत आढळलेला नाही. ते इंजेक्शन घेतलंत तर एवढंच सांभाळा: तुम्हाला दुखणं जाणवणार नाही, तेव्हा गुडघ्यांतलं ते मोजलेलं अंतर पाळलं जातंय ना, याकडे सोबतच्या माणसाला लक्ष ठेवायला सांगा.